जुन्या पिकअपचं फोर बाय फोर लागत नाही? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

या साइटवर आपण नेहमी फोन, ॲप आणि लॅपटॉपबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा चिखलातला आहे, पण त्यातही तुमचा स्मार्टफोन कामाला येणार आहे. जुन्या पिकअपचं फोर व्हील ड्राइव्ह बिघडलं, तर दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं, ते आपण पाहणार आहोत.

आधी माझी चूक सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर भोर तालुक्याच्या पश्चिम भागात. आमच्याकडे एक जुनी डिझेल पिकअप आहे, आप्पा तिच्यातून रोज पहाटे वाडीतलं दूध संकलन केंद्रावर नेतात. गेल्या पावसाळ्याआधी ते म्हणाले, "फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतोय रे." मी ऐटीत ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर लावला, ॲप उघडलं. स्क्रीनवर एकही एरर नाही. "काही नाही आप्पा, गाडी ओके आहे," असं सांगून मी पुण्याला परत आलो.

जुलैमध्ये निसरड्या चढावर भरलेल्या कॅनसकट गाडी मागे घसरली आणि ताशीच्या कडेला जाऊन थांबली. दूध सांडलं. आप्पा सुखरूप होते, पण त्या दिवशी फोनवर ते मला काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

त्या ॲपचाही दोष नव्हता. स्वस्त ओबीडी अडॅप्टर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. फोर बाय फोरचं कंट्रोल युनिट वेगळं असतं आणि अनेक जुन्या गाड्यांत ते या ॲपना दिसतच नाही. म्हणजे "एरर नाही" याचा खरा अर्थ होता, "मी तिथे पाहिलंच नाही."

आधी सिस्टीम समजून घ्या

भारतात स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, इसुझू व्ही-क्रॉस असे पिकअप फोर बाय फोरमध्ये आले. अशा पिकअपमध्ये सहसा पार्ट-टाइम फोर बाय फोर असतं. एरवी फक्त मागची चाकं गाडी ढकलतात आणि गरज पडली की आपण पुढची जोडतो. यात चार मुख्य भाग आहेत:

१. स्विच आणि कंट्रोल युनिट: तुम्ही नॉब फिरवला की युनिट मोटरला हुकूम देतं. काही गाड्यांत नॉबऐवजी साधा लिव्हर असतो.

२. ट्रान्सफर केस: गिअरबॉक्सच्या मागे असतो. इंजिनची ताकद पुढे आणि मागे वाटतो. मोटर याच्यावरच बसवलेली असते.

३. पुढचा प्रोपेलर शाफ्ट: ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा.

४. पुढचा ॲक्सल आणि हब: इथे शेवटची जोडणी होते. काही गाड्यांत चाकाच्या हबवर हाताने फिरवायचं लॉक असतं, काहींत ते आपोआप लागतं, तर काहींत व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असतो.

मोड तीन. २ एच म्हणजे नेहमीचा रस्ता. ४ एच म्हणजे चारही चाकं, नेहमीचा वेग. ४ एल म्हणजे चारही चाकं, पण वेग कमी आणि ओढ जास्त, अनेक गाड्यांत साधारण अडीच पट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतायत असं नाही. व्हॉट्सॲपची एक टिक आठवा. मेसेज निघाला एवढंच कळतं, पोचला की नाही ते नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा दिवा फक्त ट्रान्सफर केस बदलला एवढंच सांगतो. पुढे हबपर्यंत काय झालं ते त्याला माहीत नसतं.

बिघाड नसलेले 'बिघाड'

खूपदा गाडी ठीक असते, वापरण्याची पद्धत चुकते.

४ एल लागत नाही? बहुतेक गाड्यांत त्यासाठी गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच दाबलेला लागतो. यातलं एक जरी चुकलं तरी दिवा लुकलुकत राहतो. तुमच्या गाडीचा नियम मॅन्युअलमध्ये बघा.

४ एचमधून २ एचवर येत नाही? कोरड्या डांबरावर फोर बाय फोर वापरलं असेल. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा गोल फिरतात. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये हा फरक सामावून घ्यायला जागा नसते, म्हणून शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ बसतो. मातीत चाक थोडं घसरून हा पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. उपाय: २ एच निवडा आणि गाडी सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या.

फोर बाय फोरमध्ये गाडी सरळ जातानाही अडखळते? चारही टायर बघा. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, किंवा दोन वेगळ्या साइजचे टायर असतील तर तसाच पीळ बसतो. टायरवर खडूने खूण करा, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेरीएवढी ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. पुढचं आणि मागचं माप जवळपास सारखं यायला हवं.

तपासणी: बाहेरून आत, स्वस्तापासून महागाकडे

मागच्या वर्षीच्या त्या प्रसंगानंतर गाडी गॅरेजमध्ये दाखवली. उत्तर मिळालं, "मोटर गेली, नवीन टाका." अंदाजपत्रक दुधाच्या पाच-सहा पगारांएवढं होतं. आप्पा म्हणाले, "पैसं देऊ, पण मोटरच गेलीय हे त्याला कसं कळलं?" प्रश्न बरोबर होता. कोडमध्ये बग असेल तर आपण अंदाजाने सगळं नवीन लिहीत नाही, आधी कुठपर्यंत बरोबर चाललंय ते बघतो. इथेही तेच करायचं.

सुरक्षेचे नियम आधी: सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी. गाडीखाली जाताना इंजिन बंद आणि चावी खिशात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा.

पायरी १: फ्यूज आणि बॅटरी. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून फोर बाय फोरचा फ्यूज काढा, तपासा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा नाही. इंजिन बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज साधारण १२.४ ते १२.७ हवं. बॅटरी मरगळलेली असेल तर ही मोटर अर्धवट फिरून थांबते. आमच्याकडे दोन्ही ठीक होतं.

पायरी २: फोनला गाडीखाली पाठवा. व्हिडिओ रेकॉर्डिंग आणि फ्लॅश चालू करून फोन ट्रान्सफर केसच्या मोटरकडे तोंड करून जमिनीवर ठेवा. वर बसून इग्निशन ऑन करा, इंजिन बंदच ठेवा आणि नॉब २ एचवरून ४ एचवर न्या. मग व्हिडिओ ऐका. एक-दोन सेकंदांची घरघर आली तर मोटर फिरतेय. काहीच आवाज नाही तर करंट पोचत नाही किंवा मोटर खरंच गेलीय. आमच्या व्हिडिओत फक्त एक अशक्त 'टिक' होती. मेलेली मोटर टिकसुद्धा करत नाही सहसा. इथे मला पहिला संशय आला.

पायरी ३: मोटरला किती व्होल्टेज मिळतं? साध्या मल्टिमीटरने काम होतं. कपलर सोडण्याआधी तारांचे रंग दिसतील असा फोटो काढा. पिना हिरव्या-पांढऱ्या पडल्या असतील तर काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. मग कपलर लावून, मागच्या बाजूने तारांवर मीटर टेकवून, कोणालातरी नॉब फिरवायला सांगा. बॅटरीवर १२.५ असताना आमच्या मोटरपाशी जेमतेम ७ व्होल्ट येत होते. म्हणजे मोटर उपाशी होती.

पायरी ४: अर्थ तपासा. मोटर दोन्ही दिशांना फिरते, त्यामुळे तिच्या दोन्ही तारा कंट्रोल युनिटमधून येतात. म्हणून युनिटची अर्थ वायर शोधा. मीटरचं एक टोक त्या वायरवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर धरा आणि नॉब फिरवा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. आमचा चारच्या पुढे गेला. वायरच्या मागे मागे गेलो तर केबिनखाली चिखलाने माखलेला एक बोल्ट सापडला. डेंटिंगच्या वेळी त्याच्यावर रंगही मारलेला होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा नॉब फिरवला. घर्रर्र... आणि दिवा स्थिर! नवीन मोटरचे पैसे वाचले.

मी आनंदाने ओरडलो. आप्पा म्हणाले, "दिवा लागला रे, पण पुढची चाकं ओढत्यात का?"

पायरी ५: ताकद कुठे अडते? ही चाचणी लिव्हरच्या गाडीलाही चालते. ४ एच लावा आणि गाडी एखादा मीटर सरळ पुढे घ्या, म्हणजे आतले दाते एकमेकांत बसतील. इंजिन बंद करा, उटी लावा आणि पुढचं एकच चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्या. आता हाताने दोन गोष्टी करा.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवून बघा. तो मोकळा फिरला तर ट्रान्सफर केस जोडला गेलेला नाही. दोष मोटर, लिव्हर किंवा केसच्या आत आहे. थोडीशी ढिलाई सोडून अडला तर ट्रान्सफर केस ठीक आहे.

मग उचललेलं चाक फिरवून बघा. शाफ्ट अडलाय आणि चाकही अडलं तर सगळी साखळी जोडलेली आहे. शाफ्ट अडलाय पण चाक आरामात फिरतंय, तर दोष पुढच्या ॲक्सलमध्ये किंवा हबमध्ये आहे.

आमचं चाक आरामात फिरलं. म्हणजे बिघाड एक नव्हता, दोन होते. पहिला सुटला म्हणून मी थांबलो असतो, तर आप्पा पुन्हा त्याच चढावर गेले असते.

पायरी ६: हब आणि व्हॅक्यूम. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही बाजूंचे 'लॉक'वर पूर्ण फिरलेत का बघा. चिखल आणि सुकलेलं ग्रीस यामुळे ते अर्ध्यात अडतात. व्हॅक्यूमची सिस्टीम असेल तर रबरी नळ्या बोटांनी चाचपत जा. जुनं रबर वाकवलं की भेगा दिसतात. इंजिन चालू ठेवून, बॉनेटकडून ॲक्च्युएटरच्या नळीचं टोक काढा आणि बोट लावा, ओढ जाणवायला हवी. फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. आमची नळी एका क्लॅम्पपाशी घासून चिरली होती. मीटरवर मिळणारी नवीन व्हॅक्यूम नळी टाकली आणि काम झालं.

इथे एक इशारा. अनेक डिझेल गाड्यांत हाच व्हॅक्यूम ब्रेक बूस्टरलाही लागतो. ब्रेक पेडल कडक झालं असेल तर हे काम उद्यावर टाकू नका.

शेवटची खात्री

मोकळ्या मातीच्या मैदानात ४ एच लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गाडी फिरवा. पुढून अडल्यासारखं, ओढल्यासारखं जाणवलं तर पुढची चाकं कामाला लागलीत. बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून कोणीतरी व्हिडिओ काढला तर चाकं स्पष्ट दिसतात.

मिस्त्रींकडे कधी जायचं?

ट्रान्सफर केसमधून खडखडाट किंवा दाते घसरल्याचा आवाज येत असेल, तेलात धातूचे तुकडे दिसत असतील, किंवा मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळूनही ती फिरत नसेल, तर घरी उघडू नका. पण जाताना तुमचे व्हिडिओ आणि मीटरचे आकडे सोबत न्या. "फोर बाय फोर लागत नाही" आणि "मोटरला १२ व्होल्ट येतात, तरी फिरत नाही" या दोन वाक्यांच्या बिलात खूप फरक पडतो.

आणि एक सवय लावा. पावसाळा असो नसो, महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर बाय फोर लावून चालवा. न वापरलेले सांधे गंजतात. वर्षातून एकदा ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलच्या तेलाची पातळी बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

यंदा जूनच्या पहिल्या पावसात आप्पा तोच चढ चढले. मी शेजारी बसलो होतो. वर पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवली, नॉब २ एचवर आणला आणि म्हणाले, "आता म्हण, गाडी ओके आहे."

हा लेख फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. जिथे फोर बाय फोर लागतं, तिथे नेटवर्क नसतं.