ग्लूटेनमुक्त आहार

ग्लूटेनमुक्त आहार म्हणजे गहू, जव (सातू) व राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पूर्णपणे वगळलेला आहार होय. सीलिॲक रोगावर हा आहार हाच एकमेव प्रस्थापित उपचार असून तो आयुष्यभर पाळावा लागतो. पदार्थाची सुरक्षितता केवळ मूळ धान्यावर ठरत नाही. ते धान्य कोठे दळले गेले, त्यात काय मिसळले आणि ते कशात शिजवले, यावरही ती अवलंबून असते.

पार्श्वभूमी

ग्लूटेन हा प्रथिनांचा समूह असून गव्हात त्याचे ग्लायाडिन व ग्लूटेनिन हे मुख्य घटक असतात. कणकेला ताण व चिकटपणा ग्लूटेनमुळे येतो. ज्वारी-बाजरीच्या पिठात ते नसल्यामुळे ते पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी हाताने थापली जाते.

सीलिॲक रोगात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर आघात करते. तेथील सूक्ष्म उद्वर्ध झिजतात व अन्नघटकांचे शोषण मंदावते. त्यातून अतिसार, वजन घटणे, रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे आणि मुलांची वाढ खुंटणे असे परिणाम दिसतात. काही रुग्णांना ग्लूटेन खाल्ल्यावर कोणताच त्रास जाणवत नाही, तरीही आतड्याची हानी होत राहते. त्यामुळे ‘खाऊन पाहिले, काही झाले नाही’ हा सुरक्षिततेचा निकष ठरत नाही.

गहू व हा रोग यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी दाखवून दिला. त्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात ही निरीक्षणे मांडली.

निसर्गतः ग्लूटेनमुक्त पदार्थ

* तृणधान्ये : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी (भगर), राळे, मका
* इतर पिष्टमय पदार्थ : राजगिरा, शिंगाडा, कुट्टू, साबुदाणा, बटाटा, रताळे
* सर्व डाळी व कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, सुकामेवा
* भाज्या, फळे, दूध, दही, ताक, तूप, अंडी, मासे व मांस

भाकरी, तांदळाचे घावन, उकडीचे मोदक, कांदेपोहे, वरण-भात व पिठले हे पदार्थ या आहारात बसतात. उपवासाचे बहुतेक पारंपरिक पदार्थही मुळात ग्लूटेनमुक्त असतात.

वर्ज्य पदार्थ

कणीक, मैदा, रवा, दलिया, गव्हाच्या शेवया, कुरडया, पाव, बिस्किटे, नानकटाई, तसेच रव्याचा शिरा व उपमा हे पदार्थ वर्ज्य आहेत. खपली हा गव्हाचाच प्रकार असून त्यातही ग्लूटेन असते. सीलिॲक रुग्णांसाठी तो सुरक्षित नाही. जवापासून बनणारे माल्ट, माल्टयुक्त पेयपूड व नेहमीची बिअर हेही टाळावे लागते.

ओटमध्ये मुळात ग्लूटेन नसते, परंतु शेतात व कारखान्यात त्यात गहू किंवा जव मिसळण्याची शक्यता मोठी असते. ग्लूटेनमुक्त म्हणून प्रमाणित ओट बहुसंख्य रुग्णांना चालते. थोड्यांना तेही सोसत नाही.

लपलेले ग्लूटेन

* हिंग : बाजारातील मिश्रित हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असू शकतो. आमटी, लोणची व पापड यांतून तो नकळत पोटात जातो.
* भाजणी, मेतकूट व सातूचे पीठ : अनेक घरांतील कृतींत गहू असतो.
* ढोकळा व इडली : झटपट प्रकारांत रवा असतो.
* सोया सॉस : बहुतेक प्रकार गव्हासह आंबवलेले असतात.
* काही औषधांच्या गोळ्यांतील पिष्ट.

सरमिसळ

ज्या गिरणीत आधी गहू दळला गेला, तेथे दळलेल्या ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात कणीक उतरते. त्यामुळे धान्य निवडून व धुऊन ते घरघंटीवर दळणे, किंवा केवळ ग्लूटेनमुक्त धान्यांसाठी राखलेल्या गिरणीतून दळून आणणे अधिक सुरक्षित असते. समोसे तळलेल्या तेलात काढलेली बेसनाची भजी, पोळीच्या तव्यावरची भाकरी आणि कणकेची परात ही सरमिसळीची नेहमीची ठिकाणे होत. शिजवल्याने किंवा तळल्याने ग्लूटेन निकामी होत नाही. यासाठी पोळपाट, लाटणे, चाळणी व तवा वेगळे ठेवले जातात.

वेष्टनावरील माहिती

कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लूटेनमुक्त पदार्थात प्रति किलोग्रॅम २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादाही हीच आहे. भारतात २० ते १०० मिलिग्रॅम प्रमाण असलेल्या विशेष प्रक्रियायुक्त पदार्थांसाठी ‘अल्प ग्लूटेन’ असा वेगळा वर्ग आहे. सीलिॲक रुग्णांनी दोहोंत गल्लत करू नये. ‘गहूविरहित’ पदार्थात जव किंवा राय असू शकते, म्हणून घटकांची संपूर्ण यादी वाचणे आवश्यक ठरते.

पोषण व निदान

तयार ग्लूटेनमुक्त बिस्किटे व पाव यांत अनेकदा तंतूंचे प्रमाण कमी आणि साखर व स्निग्धांश अधिक असतो. नाचणी, बाजरी, डाळी व पालेभाज्या यांमुळे कॅल्शियम, लोह व तंतू यांची उणीव भरून निघण्यास मदत होते.

निदानापूर्वीच हा आहार सुरू केल्यास रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी व आतड्याच्या ऊतीची तपासणी फसवी ठरू शकते. त्यामुळे तपासण्या पूर्ण होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवून त्यानंतरच वैद्यकीय सल्ल्याने ग्लूटेन बंद केले जाते.