वर्तन आणि कावा

घोड्याशी माझा संबंध शब्दांपुरताच. लगाम, रिकीब, टाप... मराठीत खोगीरभरती करायला तर घोडाही लागत नाही! सध्या मात्र दोनच शब्द डोक्यात फिरताहेत: वर्तन आणि कावा.

पहिल्यासाठी तुर्कस्तानात जावं लागतं. बोगाझकोयजवळ हत्तुशा ही हित्ती लोकांची राजधानी होती. तिथे १९०६ पासूनच्या उत्खननात मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांत घोड्यांच्या तालमीची चक्क रोजनिशी आहे, इ. स. पूर्व १४व्या शतकातल्या किक्कुलीची. कधी चालवायचं, किती पळवायचं, नदीत कधी न्हाऊ घालायचं, झूल कधी घालायची, जव किती द्यायचे... महिनोन्‌महिने, सगळं हळूहळू वाढवत. भाषा हित्ती, पण फेऱ्यांचे शब्द बघा: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात! वर्तन म्हणजे वळण, फेरी. आपण आज हाच शब्द माणसाच्या वागण्याला वापरतो.

किक्कुलीचे घोडे रथाचे. पाठीवर बसायच्या घोड्याबद्दल झेनोफोन या ग्रीक सेनानीने इ. स. पूर्व ४थ्या शतकात लिहिलं. तेव्हा ग्रीकांकडे रिकीब नव्हती. म्हणजे घोड्याचं मन सांभाळल्याशिवाय स्वाराची धडगत नाही. तो सांगतो, शिंगराला आधी माणसाची ओढ लागू दे. चारा, पाणी, माश्यांपासून सुटका हे माणसामुळे मिळतं असं त्याला वाटू दे. त्याला गर्दीतून, गोंगाटातून न्या. बुजला तर मारू नका, ज्याला बुजला ती वस्तू जवळून दाखवा. आणि रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नका. (लहान मुलांच्या आईबाबांनी हे वाक्य पुन्हा वाचावं!)

आता कावा. घोड्याला रिंगणात फिरवणं म्हणजे कावा देणं. गनिमी कावा म्हटलं की मला आता डावपेचांच्या आधी ते रिंगण दिसतं. वेगाने येऊन झटकन वळणारं घोडदळ आकाशातून पडत नाही. बारगिराला घोडा सरकारी मिळे, शिलेदाराचा मात्र स्वतःचा. तो गेला की नोकरीच गेली. अशा घोड्याला कुणीतरी आधी शांतपणे वळायला शिकवलेलं असणार. त्या कामाचा माणूस म्हणजे चाबुकस्वार, आणि दाणावैरण बघणारा मोतद्दार. लढायांच्या तारखा आपण पाठ केल्या, सरदारांची नावंही. या माणसांची नावं शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटली नाहीत.

किक्कुलीने मात्र मजकुराच्या सुरुवातीलाच स्वतःचं नाव आणि पेशा घातला: मितान्नीचा अश्वशिक्षक. बरं केलं. बाकीच्यांचं आपल्याकडे जे उरलं ते शब्दांत. चाबुकस्वारही आता कोशातच भेटतो.

असो. आपल्या नात्यात कुणी जुनी माणसं घोड्यांबद्दलचे असे शब्द अजून बोलत असतील, तर लिहून ठेवा. मलाही कळवा.