मळसूत्राचे आटे

जगाच्या इतिहासांत राजांच्या तहांचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. परंतु मळसूत्राच्या आट्यांविषयीं झालेल्या तहाची आठवण फारसा कोणी ठेवीत नाहीं. वस्तुतः आमच्या नित्य व्यवहारावर या दुसऱ्या तहाचाच अंमल अधिक आहे. नट हरवला तर आपण बाजारांतून त्याच मापाचा दुसरा आणतों व तो बसतो. यांत आपणांस कांहींच नवल वाटत नाहीं. हें नवल नाहींसें व्हावयास काय किंमत पडली, तें येथें थोडक्यांत पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील कारखाने आपापल्या मर्जीप्रमाणें आटे पाडीत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत जात नसे. मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यानें निरनिराळ्या कारखान्यांतील मळसूत्रें गोळा करून त्यांची सरासरी काढली, आणि आट्यांचा कोन ५५ अंश असावा व अमुक जाडीस दर इंची अमुक आटे असावेत, अशी योजना १८४१ सालीं मांडली. तींत कोणा एकाचेंच माप इतरांवर लादलेलें नव्हतें. म्हणूनच ती पुष्कळांस पटली असावी, असें आम्हांस वाटतें.

पुढें १८६४ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनें ६० अंशांचा कोन सुचविला. त्याच्या आट्यांचीं टोकें गोल नसून सपाट होतीं, व सामान्य कारागिरास ते पाडणें सोपें जाई. त्याचें म्हणणें वाजवी होतें, आणि व्हिटवर्थचेंही वाजवीच होतें. पण दोन वाजवी मापें एकमेकांस जुळत नव्हतीं.

देशादेशांतील मतभेद राहोत. एकाच देशांतील शहरांतही एकवाक्यता नव्हती. आगीच्या बंबाच्या होसपाइपाच्या तोंडालाही आटेच असतात. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत मोठी आग लागली. त्याच दिवशीं वॉशिंग्टनहून बंब आगगाडीनें धाडण्यांत आले. पण त्यांच्या होसचे आटे बाल्टिमोरच्या नळांस लागेनात. आग ३० तासांवर चालली व १,५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. पाणी होतें, बंब होते, धाडसी माणसें होतीं. नव्हतें तें एकमत. पुढील चौकशींत त्या देशांत अशा जोडांचे ६०० हून अधिक प्रकार आढळले. १९०५ सालीं अडीच इंची होससाठीं दर इंची साडेसात आटे, असें राष्ट्रीय प्रमाण ठरलें.

दोन राष्ट्रांमधील अडचण दुसऱ्या महायुद्धानें उघड केली. एकाच शत्रूशीं लढणाऱ्या मित्रांचे नट व बोल्ट मात्र परके राहिले. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं करारावर सह्या केल्या. ब्रिटननें ६० अंशांचा कोन पत्करला; अमेरिकेनें टोकांस गोलाई देण्याची मुभा मान्य केली. तत्पूर्वीं, २३ फेब्रुवारी १९४७ रोजीं, आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचें कार्य सुरू झालें होतें. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या देशाची भारतीय मानक संस्थाही तिच्या संस्थापक सभासदांपैकीं होती.

तथापि प्रमाण ठरलें म्हणजे तें पाळलें गेलें, असें होत नाहीं. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटून २५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या वेळीं तेथील नळांचीं तोंडें ३ इंची व मदतीस आलेल्या बंबांचे होस अडीच इंची, अशी बाल्टिमोरचीच कथा पुन्हां घडली. शेजाऱ्यानें कांहीं जगावेगळें करावयाचें नव्हतें; ओकलंडनें आपलें माप वेळीं सोडावयाचें होतें.

५५ अंशांनीं काम भागतें आणि ६० अंशांनींही भागतें. त्यांतील एक निवडण्यास विद्वत्तेपेक्षां थोड्या माघारीची गरज असते. ती माघार शांततेच्या काळीं फार स्वस्त असते. मनुष्यजात मात्र ती बहुधा आग लागल्यावरच घेते.