सुपरमोटो : एका वादातून जन्मलेली मोटारसायकल

१/ पुण्यातल्या एखाद्या सिग्नलवर पाच मिनिटे उभे राहिलात, तर नारिंगी रंगाची एक तरी ‘ड्यूक’ दिसल्यावाचून राहणार नाही. ही गाडी चाकणला तयार होते. तिचे नाव मात्र चाकणला जन्मलेले नाही. १९९४ साली ऑस्ट्रियात ते एका निराळ्याच जातीच्या गाडीला दिले गेले. त्या जातीचे नाव सुपरमोटो. ती जात कशी जन्मली, विस्मरणात जाता जाता कशी तगली आणि तिला नेमके कोणी जगवले, याचा हा धागा. 🧵

२/ प्रथम ओळख. मोटोक्रॉसची गाडी म्हणजे मातीत धावण्यासाठी घडवलेली, हलकी, उंच, बारीक चाकांची मोटारसायकल. तिची चाके काढून सतरा इंची चाके बसवायची, त्यांवर डांबरी रस्त्याचे रुंद टायर चढवायचे, पुढे मोठा ब्रेक लावायचा. झाली सुपरमोटो! पैलवानाच्या पायांत धावपटूचे बूट घालावेत, तसा हा प्रकार. शर्यतही तशीच मिश्र : बहुतांश मार्ग डांबरी, उरलेला मातीचा आणि त्यावर उड्या मारायला उंचवटे.

३/ या मिश्रणाचे मूळ अमेरिकेत आहे. तिथल्या ‘ग्रँड नॅशनल’ स्पर्धेची परंपरा मोठी विलक्षण होती. अजिंक्यपद एकच, पण त्यासाठी पाच प्रकारच्या शर्यती धावायच्या : मातीच्या लंबगोल मैदानावरच्या एक मैल, अर्धा मैल आणि त्याहूनही छोट्या धावपट्टीच्या, उडी व उजवे वळण असलेली ‘टीटी’, आणि डांबरी रस्त्यावरची. पाचही प्रकार जिंकण्याचा पराक्रम प्रथम डिक मान यांनी केला आणि त्यानंतर केनी रॉबर्ट्स यांनी. श्रेष्ठ स्वार म्हणजे सर्वांगीण स्वार, अशी ही धारणा होती.

४/ १९७० च्या दशकात या धारणेला तडे गेले. युरोपातून आलेल्या मोटोक्रॉसने तरुणांना वेड लावले. १९७२ साली तर लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये मातीचे ढीग रचून शर्यत भरवली गेली. दुसरीकडे रॉबर्ट्स युरोपात गेले आणि १९७८ मध्ये ५०० सीसी रोड रेसिंगचे विश्वविजेते ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले अमेरिकन. आता तीन प्रकारचे स्वार, तीन प्रकारच्या गाड्या आणि तीन प्रकारचे प्रेक्षक झाले होते. साहजिकच वाद रंगू लागला : या तिघांत खरा श्रेष्ठ कोण?

५/ हा वाद मैदानात आणण्याची कल्पना गॅविन ट्रिप यांची. ट्रिप मूळचे इंग्लंडचे. मोटारसायकलविषयक पत्रकारिता करणारे आणि शर्यतींचे आयोजकही. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड रेसवे येथे १९७३ पासून भरणारी अमेरिकेची मोटोक्रॉस ग्रां प्री त्यांच्याच खटपटीचे फळ. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना काय हवे असते, याची त्यांना चांगली जाण होती. त्यांनी ‘एबीसी’ वाहिनीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्‌स’ या १९६१ पासून चाललेल्या लोकप्रिय कार्यक्रमाला हाताशी धरले.

६/ १९७९ साली कार्ल्सबाडला ‘सुपरबायकर्स’ ही शर्यत झाली. मार्ग असा आखला होता की कोणालाच पूर्ण फायदा मिळू नये. डांबरावर रोड रेसरला आनंद, मातीच्या वळणांवर फ्लॅट ट्रॅकवाल्याला, उड्यांवर मोटोक्रॉसवाल्याला. साक्षात केनी रॉबर्ट्स उतरले होते. जिंकले मात्र केंट हॉवर्टन, १९७६ चे ५०० सीसी मोटोक्रॉसचे राष्ट्रीय विजेते. मातीवरच्या माणसाने डांबरावरच्या विश्वविजेत्याला मागे टाकले होते! वाद मिटण्याऐवजी अधिकच पेटला.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा तिच्यासाठी योग्य अशी मोटारसायकल जगात अस्तित्वातच नव्हती. म्हणून स्वारांनी व त्यांच्या मिस्त्रींनी जुळवाजुळव केली. बहुतेकांनी मोटोक्रॉसची गाडी घेतली, तिला फ्लॅट ट्रॅकच्या धाटणीची चाके लावली आणि त्यांवर रोड रेसिंगचे गुळगुळीत टायर चढवले. कोणत्याही कंपनीच्या आराखड्यावर नव्हे, तर गॅरेजच्या फरशीवर या गाडीचा जन्म झाला.

८/ हे बदल वरवर साधे वाटतात. पण एक बदल दुसऱ्याला जन्म देतो. मोटोक्रॉसचे पुढचे एकवीस इंची चाक टायरसकट सुमारे ६९ सेंटिमीटर व्यासाचे असते. सतरा इंची चाक रस्त्याच्या टायरसकट सुमारे ६० चे. म्हणजे गाडीचे तोंड साडेचार सेंटिमीटर खाली येते. मागची बाजू त्याहून थोडी कमी उतरते. परिणामी पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि हँडल चपळपणे वळू लागते. वेगमापक पुढच्या चाकावर चालणारा असेल, तर तो खऱ्याहून सुमारे पंधरा टक्के जास्त वेग दाखवू लागतो!

९/ ब्रेकचेही तसेच. मातीत पकड मुळातच कमी. तिथे जोरदार ब्रेक म्हणजे चाक जाम होऊन आपटणे. म्हणून मोटोक्रॉसची पुढची डिस्क लहान असते. डांबरावरचा रुंद टायर कितीतरी अधिक जोर पेलतो. तेव्हा डिस्क ३०० मिलिमीटरच्या पुढे न्यावी लागते. असा ब्रेक लावला की मातीतल्या उड्यांसाठीचे लांब, मऊ सस्पेन्शन नाक घासल्यासारखे दबते. मग स्प्रिंगा कडक करा. मागच्या चाकाचा व्यास घटला, म्हणून चेनचे दातेरी चाकही बदला. केवळ चाके बदलणारा अर्ध्यावरच थांबलेला असतो. रस्त्यावर ते धोक्याचेही ठरते.

१०/ स्वारीची रीतही अशीच संकरित आहे. रोड रेसर वळणावर गुडघा जमिनीला टेकवतो. सुपरमोटोचा स्वार मोटोक्रॉसप्रमाणे आतला पाय पुढे सोडतो, ताठ बसतो आणि गाडीला स्वतःखाली कलवतो. वळणाआधी तो पटापट गिअर उतरवतो, क्लच हळूहळू सोडतो आणि मागचे चाक मुद्दाम आडवे सरकू देतो. म्हणजे वळणात शिरतानाच गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला आलेले असते. मातीच्या मैदानावरची ही विद्या डांबरावर उतरली आणि तीच या खेळाची ओळख ठरली.

११/ आता कलाटणी. १९८५ नंतर ‘सुपरबायकर्स’ बंद पडली. योगायोग पाहा : १९८६ पासून अमेरिकेच्या ग्रँड नॅशनल स्पर्धेतून रोड रेसिंगही वेगळे काढण्यात आले. सर्वांगीण स्वाराचा आदर्श जपणारी जुनी स्पर्धा आणि तोच आदर्श दूरचित्रवाणीसाठी नव्याने घडवणारी शर्यत, दोन्हींचा शेवट जवळपास एकाच वेळी झाला. विशेषज्ञांचे युग आले होते. कॅमेरा निघून गेला आणि जन्मभूमीत हा खेळ विस्मरणात गेला.

१२/ पण तोवर त्याचे बीज युरोपात पडले होते. फ्रान्समध्ये त्याला ‘सुपरमोटार’ म्हणू लागले. फ्रेंच बोलीत ‘मोटार’ म्हणजे मोटारसायकलचा नादिष्ट. पॅरिसजवळच्या कॅरोल सर्किटवर ‘गिदों दॉर’, म्हणजे ‘सोनेरी हँडल’, ही स्पर्धा गाजली. या सर्किटच्या नावामागे दुःख आहे. रुंजिस येथे रस्त्यावर चालणाऱ्या बेकायदा शर्यतींत जीव गमावलेल्या कॅरोल नावाच्या तरुणीचे ते नाव. मुलांनी रस्त्यावर मरू नये म्हणून त्यांना हक्काची जागा द्यावी, या मागणीतून १९७९ साली ते सर्किट उभे राहिले. बेल्जियमच्या मेते गावातील शर्यत तर आजही ‘सुपरबायकर’ हे मूळ नावच मिरवते.

१३/ अमेरिकेत मेलेले युरोपात का जगले? माझ्या मते उत्तर गॅरेजमध्ये आहे. कार्ल्सबाडला निमंत्रित तारे धावत. प्रेक्षक घरी बसून पाहत. युरोपात मात्र सामान्य तरुण जुनी मोटोक्रॉसची गाडी घेई, चाकांचा जोड मिळवी, मित्राच्या मदतीने ब्रेक बसवी आणि रविवारी शर्यतीला उभा राही. मालक, मिस्त्री आणि स्वार ही एकच व्यक्ती होती. तमाशा म्हणून जन्मलेला खेळ छंद झाला, म्हणून टिकला. छंदाला कॅमेऱ्याची गरज नसते.

१४/ कंपन्या सर्वांत शेवटी आल्या. १९९१ मध्ये इटलीच्या जिलेराने सतरा इंची चाकांची ‘नॉर्डवेस्ट ६००’ विक्रीस आणली. त्याच सुमारास ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेनची केटीएम दिवाळखोरीत निघाली होती. नव्या मालकीखाली उभी राहिलेल्या या कंपनीने १९९४ मध्ये ६०९ सीसीच्या एका सिलिंडरची ‘ड्यूक’ काढली : कारखान्यातूनच तयार होऊन येणारी, रस्त्यावर चालवता येणारी सुपरमोटो. तोवर केवळ मातीतल्या गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या केटीएमचे ते डांबरावरचे पहिले ठळक पाऊल होते.

१५/ पुढचा धक्का इंजिनाचा. १९९७ साली डग हेन्री यांनी लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकली. टू-स्ट्रोकच्या साम्राज्याला ते आव्हान होते. पुढच्या वर्षी ‘वायझेड ४००एफ’ बाजारात आली, मग इतर कंपन्यांच्याही आल्या. हलकी तरीही ताकदवान अशी ही इंजिने सुपरमोटोला वरदान ठरली. २००२ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले, २००३ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय मालिका, २००४ मध्ये ‘एक्स गेम्स’मध्ये प्रवेश. हरवलेले मूल मायदेशी परतले होते.

१६/ या पुनरागमनाची किंमतही नोंदवली पाहिजे. सुपरमोटोत आलेल्या त्याच डग हेन्री यांना २००७ च्या एका शर्यतीतील अपघाताने कमरेखाली अपंगत्व आले. पुढे ते खास बदल केलेल्या वाहनांवर पुन्हा स्पर्धेत उतरले. गाडी माणसाच्या गरजेप्रमाणे बदलण्याची गॅरेजमधली विद्या इथे निराळ्याच अर्थाने उपयोगी पडली. अमेरिकेतील ती लाट मात्र दशक सरता सरता पुन्हा ओसरली. कार्ल्सबाडची मूळ धावपट्टी तर २००४ मध्येच बंद झाली. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे.

१७/ ही गाडी बाळगणे म्हणजे काय, तेही पाहू. शर्यतीच्या ४५० सीसी गाडीचे वय किलोमीटरमध्ये नव्हे, इंजिन चाललेल्या तासांत मोजतात. तेल थोड्याच तासांनी बदलावे लागते. २००५ ची सुझुकी ‘डीआर-झेड ४००एसएम’ मात्र रोजच्या वापराची म्हणून नावाजली. तरी सीट ८९० मिलिमीटर उंच आणि टाकी जेमतेम दहा लिटरची. २००७ मध्ये डुकाटीने ‘हायपरमोटार्ड’ आणली, तीही १०७८ सीसीची. आकार वाढला, किंमत वाढली. पण ताठ बैठक आणि रुंद हँडल जुन्या मातीचेच राहिले.

१८/ आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. २००७ साली बजाज ऑटोने केटीएममध्ये भागीदारी घेतली. २०११ मध्ये चाकणला बनलेली १२५ ड्यूक युरोपात गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक भारतात आली. या गाड्या सुपरमोटो नव्हेत. त्या रस्त्याच्याच, खाली बसलेल्या गाड्या. थोरल्या ड्यूकनेही २००८ च्या आवृत्तीपासून सुपरमोटोचे रूप टाकलेच होते. नाव उरले, अर्थ बदलला. गावांच्या नावांप्रमाणे यंत्रांच्या नावांतही इतिहासाचे थर दडलेले असतात.

१९/ मग आपल्याकडे गॅरेजमध्ये सुपरमोटो घडवता येईल का? हात तयार असतील, पण कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. रस्त्यावर इतरांचेही जीव असतात, हे कायद्याचे म्हणणे रास्तच आहे. पण प्रयोग करणाऱ्यांनी मग जायचे कुठे? पॅरिसच्या तरुणांनी हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर कॅरोल सर्किट होते.

२०/ शेवट एका वर्तुळाने. २०२४ च्या मिलानच्या प्रदर्शनात केटीएमने ‘३९० एसएमसी आर’ सादर केली : सतरा इंची चाके, उंच बैठक आणि ३९० ड्यूकच्या घराण्यातले ३९९ सीसी इंजिन. सुपरमोटोतून ड्यूक जन्मली, ड्यूक चाकणला आली आणि तिथे वाढलेल्या वंशाच्या इंजिनातून पुन्हा सुपरमोटो उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न, खरा श्रेष्ठ स्वार कोण, अजून सुटलेला नाही. पण तो सोडवण्यासाठी ज्यांनी हात काळे केले, त्यांनी एक नवी गाडी जगाला दिली. वादातून असे काही निपजत असेल, तर असे वाद जरूर व्हावेत.

धागा इथे संपला. तपशिलात कुठे चूक आढळल्यास अवश्य निदर्शनास आणावी. आणि पुढच्या वेळी सिग्नलवर ड्यूक दिसली, की तिच्या नावाची ही गोष्ट शेजारच्याला जरूर सांगावी. 🙏