पेज, मोडशी आणि मीठ

आजारी माणसाच्या उशाशी पहिले भांडे येते ते बहुधा पेजेचे. वसईच्या बागायतीत असो वा गोव्यातील एखाद्या वाड्यावर, पोट बिघडले की घरातील वडीलधारी स्त्री मूठभर तांदूळ धुऊन चुलीवर चढवते. आधी वरची निवळ, मग दाण्यासकट पेज, मग मऊ भात आणि त्यानंतर घरचे नेहमीचे जेवण. हा क्रम तिला कोणी शास्त्र म्हणून शिकवलेला नसतो. तरी तो जुना आहे. आपला 'पेज' हा शब्द वैद्यकातील 'पेया'चा वंशज. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे निरनिराळ्या औषधी घालून शिजवलेल्या पेजा, सांगितल्या आहेत. मात्र आपल्या इतिहासग्रंथांत किल्ले, तह आणि चर्चे यांना जेवढी जागा मिळाली तेवढी या भांड्याला मिळाली नाही.

एका ठिकाणी मात्र त्याची नोंद आहे आणि ती आपल्याच किनाऱ्यावर झालेली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यातील एका संवादात तो पटकीविषयी लिहितो. इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज त्याचे 'मोर्देशी' करतो, असे तो सांगतो. हा शब्द म्हणजे आपली मोडशी. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचे 'मोर द शियाँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण' झाले! आज ज्या शब्दाने आपण साधे अपचन सांगतो, त्याने एके काळी युरोपीय प्रवाशांचा थरकाप उडत असे.

या रोगावर इथले वैद्य काय करतात, हेही ऑर्ताने लिहून ठेवले आहे. रोग्याच्या पायांना डाग देतात, त्याचे हातपाय पट्ट्यांनी आवळून बांधतात, आणि त्याला तांदळाचे पाणी मिरी व जिरे घालून पाजतात. या पाण्याला 'कांजी' म्हणतात. डाग देण्याचा प्रकार वाचून आज आपल्या अंगावर काटा येतो. पण त्याच परिच्छेदातले पेजेचे ते भांडे आपण लगेच ओळखतो. पुढे १६३१ च्या सुमारास जावा बेटावरील बाटाव्हिया येथे याकोबस बॉन्टियस या डच वैद्यानेही रोग्याचे रोजचे पेय म्हणून हीच 'कांजी' सुचवली. (१६७० च्या दशकात मुंबई-सुरतेकडे वावरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याला मात्र ती परटाच्या कपड्यांना खळ म्हणून वापरलेली दिसली.)

गोव्यात त्या काळी मोठे राजरुग्णालय होते. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले तेव्हा त्यांनी याच रुग्णालयात मुक्काम केला आणि रोग्यांची सेवा केली. १५९१ पासून त्याचा कारभार येशूसंघीयांकडे आला. १६०८ साली आजारी अवस्थेत तेथे राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल त्याची तोंड भरून स्तुती करतो. चिनी मातीच्या ताटांतून वाढलेल्या कोंबड्यांचेही तो वर्णन करतो. पण चाळीसेक वर्षांनी आलेल्या ताव्हर्निए याने तेथील रोग्यांची आबाळ नोंदवली आहे आणि गरजेप्रमाणे तीस-चाळीस वेळा रक्त काढण्याच्या उपचाराचाही उल्लेख केला आहे. ज्याच्या अंगातील पाणी आधीच आटत चालले आहे त्याचे रक्त काढणे, हा त्या काळच्या विद्वत्तेचा पराक्रम. एकोणिसाव्या शतकातही पटकीच्या रोग्याचे रक्त काढणारे आणि त्याला पाण्याचा घोट नाकारणारे पदवीधर डॉक्टर युरोपात पुष्कळ होते. आमच्या मते त्यांच्यापेक्षा आपल्या पणजीची चूल रोग्याला अधिक हिताची होती.

याच चुलीपर्यंत इन्क्विझिशनचा हात पोहोचला होता. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने स्थानिक चालीरीतींविरुद्ध जो लांबलचक जाहीरनामा काढला, त्यात एक कलम भाताविषयी होते: हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवून मागाहून चवीपुरते मीठ घालू नये. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ग्रंथात हा जाहीरनामा दिला आहे. माणसाचा धर्म त्याच्या भाताच्या तपेल्यात शोधणारी ही दृष्टी आपणा ख्रिस्ती वाचकांना लाज वाटावी अशीच आहे. खुद्द ऑर्तालाही तिने सोडले नाही. तो ज्यू वंशाचा. १५६८ साली तो वारला आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याच्या ग्रंथातील कांजी तेवढी उरली.

दैवगती अशी, की पेजेच्या कथेत मिठाचा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा ठरला, पण धर्माच्या कारणाने नव्हे. पटकीचे विष आतड्यांतून पाणी आणि क्षार वाहून नेते. अशा वेळी नुसते पाणी पाजून भागत नाही. मीठ आणि साखर बरोबर असली की आतडे त्यांच्यासोबत पाणीही आत ओढून घेते. ती वाट रोगातही उघडी राहते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनचा साठा संपला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. रोग्याची खरी परिचारिका पुन्हा एकदा त्याची आई, बहीण किंवा पत्नी ठरली.

पुढच्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ वापरून पाहिले. लिटरभर पाण्यात ५० ते ८० ग्रॅम पीठ शिजवून त्यात तेच क्षार मिसळले. पिष्टाची साखर आतड्यात सावकाश सुटते. त्यामुळे पटकीच्या रोग्यांचे जुलाब ग्लुकोजच्या पाण्यापेक्षाही कमी झाले.

म्हणून घरोघरी एक गोष्ट पाहावी असे आम्हांला वाटते. 'पथ्य' म्हणून पुष्कळ ठिकाणी पेज अळणी देतात. काही घरांत तर जुलाब लागलेल्या मुलाचे खाणेपिणेच बंद करतात, अंगावरचे दूधही तोडतात. दोन्ही घातक आहे. पाकिटातील क्षारसंजीवनी हाताशी असेल तर तीच प्रथम द्यावी. ती येईपर्यंत पातळ पेज द्यायची तर लिटरला सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ घालावे आणि घोटघोट पाजत राहावे. मूल मलूल झाले, त्याचे डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर पेजेवर न थांबता दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रोग्याचे मिठाचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

ऑर्ताने नोंदवलेल्या जिऱ्यामिऱ्यांचे काम आम्हांला चवीचे वाटते: तोंड कडू झालेल्या माणसाने दुसरा घोट घ्यावा, एवढ्यासाठी.