वेसाव्याच्या खाडीत दोन वल्ही

वर्सोव्याहून मढला जायच्या दोन वाटा आहेत. एक तरीची : धक्क्यावर होडीत बसावे, माणसांसोबत दुचाक्याही चढतात, आणि काही मिनिटांत पैलतीर. दुसरी रस्त्याची : अंधेरी, मालाड, मार्वे असा वळसा घेत सुमारे वीस किलोमीटर. वर्सोव्यात पंधरा वर्षे राहूनही आम्हां दोघांना ही तफावत केवळ गैरसोयीची बाब वाटत असे. साष्टी बेटाच्या गेल्या चारशे वर्षांच्या इतिहासाचा एक मोठा भाग या तफावतीत दडला आहे, हे लक्षात यायला एका माजी विद्यार्थ्याची दोन आसनांची कयाक आणि एक ओढवून घेतलेली फजिती कारणीभूत झाली.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. 'नौकाविहार' हा शब्द आम्ही वर्गात अनेकदा उच्चारला आहे, पण वल्हे हातात धरलेले नव्हते. विद्यार्थ्याने चार रविवार मार्व्याच्या किनाऱ्याशी सराव करून घेतला आणि मग कार्तिकातल्या एका सकाळी कयाक आमच्या स्वाधीन केली. दिवस वद्य एकादशीचा होता. तिथी धार्मिक कारणासाठी निवडलेली नव्हती. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना तोंडी हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पाणी भरलेले असते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे साडेसहाला निघालो तर चढत्या पाण्याबरोबर आत जाता येईल आणि सव्वाआठनंतर ओहोटीच आपल्याला परत आणून सोडील. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वेळ बाराच्या आसपास येते आणि अष्टमीच्या भांगाला सहाच्या. पंचांगाचा हा उपयोग मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोणी शिकवीत नाही. आम्हांला तो धक्क्यावरच्या एका वृद्ध तांडेलांनी सांगितला.

गावाचे नाव खरे वेसावे. 'वर्सोवा' हे परकीयांच्या कानांनी ऐकलेले रूप आजही कागदपत्रांत आणि मेट्रोच्या पाट्यांवर नांदते, पण कोळीवाड्यातला माणूस स्वतःला वेसावकरच म्हणवतो. कोळीगीतांच्या ध्वनिफितींमुळे 'वेसावकर आणि मंडळी' हे नाव घरोघर पोचले, तेव्हा तरी उर्वरित महाराष्ट्राला मूळ उच्चार कळायला हरकत नव्हती. खाडीच्या तोंडाशी गलबतांना विसावा मिळे म्हणून वेसावे, अशी लोकव्युत्पत्ती सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिको न टिको, भूगोलाच्या कसोटीवर ती नक्की टिकते. उघडा समुद्र मागे टाकून खाडीत शिरलो की पाण्याचा स्वरच बदलतो, हे आम्ही त्या सकाळी अनुभवले.

खाडीच्या तोंडापाशी, मढच्या टोकावर, वेसाव्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला आज वायुदलाच्या ताब्यात असून त्याला मढचा किल्ला म्हणून ओळखतात. जमिनीवरून गेलो तर तो एखाद्या ओसाड टोकाला कोणीतरी विसरून ठेवल्यासारखा दिसतो. इथे किल्ला कशासाठी, हा प्रश्न पडतो. कयाकीतून, म्हणजे पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवरून पाहिले की प्रश्न राहत नाही. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक होडीला त्याच्या नजरेखालून जावे लागते. मग आठवू लागते : वांद्रे, वेसावे, धारावी (उत्तन-भाईंदरकडची, आजची झोपडपट्टीची नव्हे), घोडबंदर, ठाणे, वसई. पोर्तुगीज-मराठे संघर्षातली ही सगळी ठाणी खाड्यांच्या मुखांवर किंवा काठांवर आहेत. नकाशावर ती एका रेघेने जोडली की साष्टी बेटाची आकृती आपोआप तयार होते. ज्याच्या हाती पाण्याची दारे, त्याच्या हाती बेट. मार्च 1737मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, फेब्रुवारी 1739मध्ये वेसावे घेतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. चिमाजी आप्पांची ही मोहीम आपण शाळेपासून तटाला लावलेल्या सुरुंगांची आणि शिड्यांची कथा म्हणून वाचतो. ती तितकीच पाणवाटांची कोंडी करण्याची कथा होती. डिसेंबर 1774मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले, तेव्हा वेसाव्याचा किल्लाही घेतला, तो याच हिशोबाने.

या पाणवाटा केवळ सैन्याच्या नव्हत्या. 1675मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर साष्टीतून हिंडला. त्याच्या प्रवासवर्णनात घोडबंदर 'ग्रेबॉन्डेल' अशा विचित्र वेशात भेटते. भात, मीठ, मासळी, ताडी, लाकूड हे सारे खाडीनेच हलत असे. गावांची तोंडे पाण्याकडे होती आणि पाठी डोंगराकडे. धक्का हे गावाचे प्रवेशद्वार होते.

हे दार पाठीमागचे कसे झाले, याचे उत्तर आम्हांला एका बाईच्या दानात सापडते. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी तर चालत असे, आणि पावसाळ्यात ती उलटून माणसे बुडत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि 1845मध्ये माहीमचा सेतुमार्ग खुला झाला. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, शीवचा बांध झाला होता. 1853मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी आली, 1867मध्ये विरारपर्यंत. आवाबाईंच्या दानाने किती जीव वाचले असतील याला गणती नाही, आणि त्याबद्दल कुरकुर करणे हा कृतघ्नपणा ठरेल. पण इतिहासात एखादी वाट उघडते तेव्हा दुसरी कोठेतरी मिटत असते. साष्टीची गावे हळूहळू फिरून रस्त्याकडे आणि स्टेशनाकडे तोंड करून बसली. अंधेरी हे स्टेशनाचे नाव झाले आणि वेसावे हे अंधेरीच्या बसचे शेवटचे थांबे. किनाऱ्यावर श्रीमंतांचे सात बंगले उभे राहिले, दादाभाई नौरोजी 1907नंतर आपल्या उतारवयात वर्सोव्याला येऊन राहिले. परंतु हे समुद्राकडे पाहणारे वर्सोवा होते. खाडीकडे पाहायला तेव्हाही कोणी आलेले दिसत नाही. खाडी मागच्या परसात गेली, आणि परसात जे टाकतात ते तिच्यात येऊ लागले.

आता पुन्हा कयाकीकडे वळू. वाचकांना वाटेल की हा विषय इतिहासाच्या लेखात ओढून आणला आहे. पण नौकाविहारालाही इतिहास आहेच. मूळ कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, एकट्या पुरुषाने शिकारीला न्यायची नाव. बायकामुले आणि सामान न्यायला वेगळी, मोठी, उघडी 'उमियाक' असे. ग्रीनलंडमध्ये तिला बायकांची होडी म्हणत, कारण ती स्त्रियाच वल्हवीत. स्कॉटिश बॅरिस्टर जॉन मॅकग्रेगर याने कयाकीवरून बेतलेली 'रॉब रॉय' नावाची नाव घेऊन युरोपातल्या नद्यांमधून प्रवास केला आणि 1866मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पोटासाठी केलेली नाव मौजेची झाली. आर. एल. स्टीव्हन्सन याने 1876मध्ये बेल्जियम-फ्रान्सच्या कालव्यांमधून केलेल्या प्रवासावर 'अ‍ॅन इनलँड व्हॉयेज' लिहिले, ते त्याचे पहिले पुस्तक (1878). त्यातही दोन मित्र, दोन स्वतंत्र नावा. एकाच कयाकीत स्त्रीपुरुषांनी मागेपुढे बसून दोघांनीही दुहेरी पात्याचे वल्हे मारावे, ही फार अलीकडची कल्पना आहे. शिकाऱ्याच्या एकांताची आणि बायकांच्या होडीची ही सरमिसळ आम्हांला मनापासून आवडली.

आपल्या परंपरेत होडीतले युगुल म्हटले की पहिली आठवते ती सत्यवती. दाशराजाची कन्या, यमुनेवर तर चालविणारी. वल्हे तिच्या हाती आणि पराशर हा प्रवासी. महाभारतकार द्वैपायन व्यासांचा जन्मच या होडीच्या फेरीतून झालेला. वसंत कानेटकरांनी 'मत्स्यगंधा' (1964) लिहिले, तेव्हा रंगभूमीवर तिची शोकांतिका आली, पण तिचे काम फारसे आले नाही. आधुनिक कवितेत तर वल्हे सरळ पुरुषाकडे गेले. अनंत काणेकरांच्या एका गाजलेल्या गीतात समुद्र उसळतो आहे आणि नाखवा सजणीला त्याचे वर्णन ऐकवतो आहे. शांता शेळके यांनी लिहिलेल्या आणि हेमंतकुमार-लता मंगेशकर यांनी गायिलेल्या कोळीगीताने तर दर्याचा राजा आणि त्याची राणी हे चित्र कायमचे ठसवले. गाणी अप्रतिमच आहेत. मात्र त्यांतला समुद्र नेहमी खुला असतो, खाडी नसते. खाडीत शौर्य नाही, वादळ नाही, चिखल आहे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवे, खेकडे, शिंपल्या गोळा करणाऱ्या बायका आहेत. गीताला हे साहित्य मानवत नसावे.

आमच्या फजितीची जागा नेमकी हीच. कोळीवाड्याच्या नांगरलेल्या होड्या मागे टाकून आम्ही आत शिरलो होतो. दोन्ही काठांना तिवरांची रांग, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, एखादा खंड्या, आणि तिवरांच्या शेंड्यांवरून डोकावणारे उंच मनोरे. पाण्याला वास होता, तो लपविण्यात अर्थ नाही. मालाडच्या बाजूचे सांडपाणी याच खाडीला येते, आणि तिवरांच्या मुळांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या भरतीची उंची दाखवीत होत्या. तरीही सूर्य वर येताना तांबूस झालेल्या त्या पाण्यात काही क्षण आम्ही वल्ही थांबवून बसलो. मागच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते आणि पुढच्याला मागचा दिसतच नाही, त्यामुळे बोलणे आपोआप कमी होते. वीस वर्षांच्या संसारात असे मौन दुर्मीळ.

त्या मौनात बोयांची ओळ नजरेतून सुटली. कयाकीच्या तळाचे पाते कोणाच्यातरी जाळ्यात अडकले. आम्ही सोडवू गेलो तसतसे जाळे अधिकच गुरफटत गेले. थोड्या वेळाने एक लहान होडी जवळ आली. तीत एक मध्यमवयीन जोडपे होते. पुरुष वल्ह्यावर आणि बाई जाळ्यावर. बाईंनी काही न बोलता वाकून पात्याखाली हात घातला आणि दोनचार मिनिटांत जाळे मोकळे केले. वीतभर फाटले होते. आम्ही माफी मागितली, भरपाई विचारली. त्यांनी ती मानेनेच नाकारली. मग आमच्या दोन्ही वल्ह्यांकडे पाहून त्या म्हणाल्या, "वल्ही दोघांचे हातात, मंग तांडेल कोन?"

त्यांचा नवरा हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर देता आले नाही. कयाकीच्या नियमाप्रमाणे ताल पुढचा धरतो आणि दिशा मागचा देतो; त्यामुळे चूक झाली तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, आणि तसे आम्ही नुकतेच केलेही होते. त्यांच्या होडीत हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. तिथे दोघांची कामे वेगळी होती आणि एकाचे चुकले तर त्या दिवसाची मासळी गेली. आम्ही ज्याला दृश्य समजून थांबलो होतो, ते त्यांचे कामाचे ठिकाण होते. आमच्या कयाकीने त्यांच्या कार्यालयात घुसून कागद फाडावेत, असा तो प्रकार.

"मावशी, इथे अजून मासळी मिळते?" आम्ही विचारले. त्यांनी डबा पुढे केला. तळाशी थोडी कोळंबी, दोन खेकडे, एक जिताडा. "आजचा नशीब," त्या म्हणाल्या. पूर्वी किती मिळे हे आम्ही विचारले नाही. अशा प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते आणि ते ऐकून घेण्याचा अधिकार आपण कमावलेला नसतो.

या खाडीसंबंधी गेल्या वीस वर्षांत बरेच काही घडले आहे. 26 जुलै 2005च्या महापुरानंतर तिवरांचे मोल शहराला कळले आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली. 2018च्या निकालाने ती मनाई पक्की केली. वर्सोव्याच्या किनाऱ्याची 2015पासून नागरिकांनी सफाई केली आणि 2018मध्ये तिथे ऑलिव्ह रिडली कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. आता वांद्र्याहून येणाऱ्या सागरी सेतूचे खांब समुद्रात उभे राहत आहेत, मढला जोडणाऱ्या पुलाची योजना आहे आणि उत्तरेकडे भाईंदरपर्यंत किनारी रस्त्याची. तो पूल झाला की वीस किलोमीटरचा वळसा संपेल. रुग्णाला न्यायचे असेल, मुलांना शाळेत पोचवायचे असेल, तर मढकरांना पूल हवाच. आवाबाईंच्या काळात माहीमकरांना हवा होता तसाच. पुलावरून खाडी किती सेकंद दिसेल, याचा हिशोब मात्र आम्ही उगाच करून बसलो.

ओहोटी लागली होती. परतताना वल्ही फारशी मारावी लागली नाहीत, पाणीच नेत होते. धक्क्याजवळ ते वृद्ध तांडेल उभे होते. आम्ही त्यांना जाळ्याची हकिकत सांगितली. त्यांनी जाळे कोणत्या बाजूला होते, बोये कोणत्या रंगाचे होते, हे विचारले आणि कोणाचे ते लगेच ओळखले. दुसऱ्या दिवशी ते आम्हांला त्या घरी घेऊन गेले. बाई दारातच बसून ते वीतभर जाळे विणीत होत्या. त्यांनी आम्हांला आत बोलावले, चहा दिला. एकादशी काल सुटल्याचे आम्ही सांगितल्यावर पुढे सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरीही आली.