शेटलंडची लेस शाल: सवडीच्या तुकड्यांतून उभा राहिलेला उद्योग

स्कॉटलंडच्या उत्तरेला, नॉर्वेच्या दिशेने समुद्रात पसरलेली शेटलंड बेटे हातविणकामासाठी जगभर ओळखली जातात. लेरविक हे त्यांचे मुख्य गाव आणि अन्स्ट हे सर्वांत उत्तरेकडचे वस्तीचे बेट. लोकरीच्या अतिशय बारीक धाग्याची, जाळीदार वीण असलेली पांढरी शाल ही या बेटांची सर्वांत नाजूक निर्मिती. चांगली शाल दोन मीटरच्या आसपास लांब-रुंद असूनही तिचे वजन जेमतेम सत्तर-ऐंशी ग्रॅम भरे आणि ती लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई. अशी शाल घरात, इतर सगळी कामे सांभाळत, महिनोन्‌महिने विणली जात असे. तिला इतका वेळ का लागे आणि त्या वेळाचा मोबदला विणणारीला काय मिळे, या दोन प्रश्नांत शेटलंडच्या विणकामाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

ही बेटे १४६८-६९ पर्यंत नॉर्वेच्या राजसत्तेखाली होती. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती पुन्हा सोडवली गेली नाहीत. त्या काळी येथे लोकरीचे जाडेभरडे कापड विणले जाई आणि करही त्या कापडाच्या रूपात भरला जाई. सुयांवरचे विणकाम नंतरचे. त्याचा सर्वांत बोलका पुरावा १९५१ मध्ये हाती आला. गनिस्टर या ठिकाणी पीट, म्हणजे जळणासाठी वापरली जाणारी दलदलीची माती, खणताना एका माणसाचे दफन सापडले. हाडे जवळपास विरघळून गेली होती, पण अंगावरची लोकर मातीने टिकवून ठेवली होती. टोप्या, हातमोजे, लांब पायमोजे आणि रंगीत पट्ट्यांची विणलेली थैली त्यात होती. थैलीतल्या डच आणि स्वीडिश नाण्यांवरून हे दफन सतराव्या शतकाच्या अखेरचे ठरते.

डच नाणी तिथे कशी आली, हे समजायला अवघड नाही. हेरिंग मासा पकडणाऱ्या डच होड्यांचा मोठा ताफा दर उन्हाळ्यात ब्रेसे बेटाच्या आडोशाला नांगर टाकत असे. किनाऱ्यावरच्या बायका त्या खलाशांना पायमोजे व हातमोजे विकत आणि त्या बदल्यात रोकड किंवा वस्तू घेत. लेरविक हे गाव याच व्यापारातून वाढले. पुढे यंत्रावर विणलेले पायमोजे स्वस्त झाले. पायमोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली याने इंग्लंडमध्ये १५८९ मध्येच तयार केले होते, पण त्याचा खरा दणका बेटांना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसला. जाड पायमोज्यांवर भागेना, तेव्हा यंत्राला न जमणारे काहीतरी विणण्याची गरज निर्माण झाली.

ते काहीतरी म्हणजे लेस. १८३७ मध्ये आर्थर अँडरसन यांनी नव्याने गादीवर आलेल्या राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम पायमोजे भेट पाठवले. अँडरसन मूळचे लेरविकचे. मुंबईच्या वाचकांना परिचित असलेल्या पी अँड ओ या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होते, आणि आपल्या बेटांच्या मालाला राजघराण्याची पसंती मिळाली तर बाजार उघडेल हे व्यापारी म्हणून त्यांनी अचूक ओळखले. त्याच सुमारास एडवर्ड स्टँडन या इंग्लिश व्यापाऱ्याने शेटलंडच्या शाली लंडनच्या बाजारात नेल्या. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या आणि श्रीमंत घरांत लग्नासाठी, बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी अशी शाल घेण्याची रीत पडली.

शालीचा जीव धाग्यात असतो. शेटलंडची मेंढी लहानखुरी, पण तिच्या मानेवरची व खांद्यावरची लोकर फार मऊ. उन्हाळ्याच्या तोंडी जुनी लोकर आपोआप सुटू लागते. तेव्हा ती कात्रीने न कापता हाताने अलगद उपटून घेत. त्यामुळे तंतूचे टोक कापले जात नाही आणि धागा टोचत नाही. लोकर विंचरून तिचे लांब तंतू वेगळे करायचे, छोट्या चरख्यावर ते केसासारखे बारीक कातायचे आणि मग दोन पदर एकत्र पिळायचे. विणायला बसण्याआधीच यात कित्येक आठवडे जात. बारीक सूत कातणारीचे कसब विणणारीपेक्षा तसूभरही कमी नव्हते. कातणारी एक आणि विणणारी दुसरी, असेही पुष्कळदा होई.

विणायची सुरुवात काठापासून होत असे. थोड्याच टाक्यांवर एक अरुंद, दातेरी पट्टी विणायची. तिची लांबी मात्र शालीच्या चारही बाजूंना पुरेल इतकी, म्हणजे कित्येक मीटर. काठाला किती दाते पडणार यावर पुढची सगळी मापे अवलंबून असल्याने शाल केवढी होणार हे पहिल्याच दिवशी पक्के करावे लागे. पट्टी पुरी झाली की तिच्या सरळ कडेवरून टाके उचलायचे आणि आतल्या दिशेने चार किनारी विणत न्यायच्या. कोपऱ्यांशी टाके कमी करत गेल्याने किनारी आपसूक तिरक्या होत. शेवटी मधला चौकोन. तो विणताना प्रत्येक ओळीच्या टोकाला बाजूच्या किनारीतला एक टाका जोडून घ्यायचा आणि उरलेले टाके सुईने असे सांधायचे की जोड दिसू नये. संपूर्ण शालीत शिवण नसे. बहुतेक जमीन सुलट टाक्यांचीच असल्याने शाल दोन्ही बाजूंनी सारखी दिसे आणि हवी तशी ताणली जाई.

नक्षीचे नमुने कागदावर उतरवलेले नसत. आईच्या हातावरून मुलीच्या हातात ते येत. मांजराची पावले, समुद्राच्या लाटेचा ठसा, कोळ्याचे जाळे, पक्ष्याचा डोळा, घोड्याचा नाल, नेच्याचे पान अशी त्यांची नावे होती. दोन टाके जोडून विणायचे आणि शेजारी सुईवर धागा घेऊन भोक पाडायचे, एवढ्या दोन क्रियांच्या हिशेबातून हे सारे उमटते. हिशेब मात्र चुकता कामा नये. एक भोक जागा चुकले की पुढच्या ओळींची नक्षी सरकते, आणि इतका बारीक, लवदार धागा उसवताना गुंततो किंवा तुटतो. म्हणून लेस विणणारी बाई ओळ पुरी केल्याशिवाय काम खाली ठेवत नसे.

काम खाली ठेवायची पाळी मात्र सतत येई. शेटलंडचे पुरुष मासेमारीला, देवमाशांच्या शिकारीला किंवा व्यापारी जहाजांवर जात. १८६१ च्या जनगणनेच्या काळात बेटांवर बायकांची संख्या पुरुषांपेक्षा खूपच अधिक होती. कित्येक घरांत कर्ता पुरुष उरलेलाच नसे. २० जुलै १८८१ च्या वादळात ग्लूप या बंदरातून निघालेल्या होड्या बुडाल्या आणि ५८ जण गेले. एका रात्रीत ३४ बायका विधवा झाल्या. मागे राहिलेल्या बाईला जमिनीचा तुकडा कसायचा, गाय-मेंढरे सांभाळायची, पीट खणून वाळवून घरी आणायचा, मुले वाढवायची आणि शिवाय विणायचे. पाठीवर पीटची टोपली आणि हातात चालत्या सुया, अशा बायकांची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यासाठी कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा बांधत. एका सुईचे टोक त्या भोकात रोवले की हाताला आधार मिळे आणि न बघता, चालता चालताही विणता येई.

चालता चालता विणले जाई ते पायमोजे, बनियन आणि रोजच्या वापराच्या जाड शाली. लेसला बसायला जागा, स्वच्छ हात आणि उजेड लागे. ऐन हिवाळ्यात लेरविकमध्ये दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो. घरात पीटचा धूर आणि माशाच्या तेलाचा दिवा. पांढऱ्या लोकरीला धुराचा डाग लागू नये म्हणून विणलेला भाग फडक्यात गुंडाळून ठेवावा लागे. शाल रेंगाळत असे ती अशी. विणणारी संथ नव्हती, शेटलंडच्या बायकांचा हात तर विलक्षण वेगवान होता. शालीच्या वाट्याला येणारा वेळच इतर कामांतून उरलेल्या तुकड्यांचा होता. पुष्कळदा घरातल्या दोघी-तिघी मिळून एक शाल पुरी करत. एकीने काठ विणायचा, दुसरीने मधला चौकोन.

सुयांवरून उतरलेली शाल आखडलेली आणि मळकट दिसे. कोमट साबणपाण्यात ती धुवायची, पिंपात गंधक जाळून त्या धुरीने पांढरी करायची आणि ओली असतानाच लाकडी चौकटीवर ताणायची. काठाचा प्रत्येक दाता दोऱ्याने ओढून बांधावा लागे. वाळल्यावर नक्षीतले एकेक भोक उघडे आणि शाल त्या आकारात बसे. लेरविकमध्ये काही बायका फक्त हेच काम करत.

एवढे करून हातात काय पडे? बहुतेक वेळा पैसा पडत नसे. व्यापारी शालीच्या बदल्यात दुकानातला माल देत. काही बायका स्वतःच्या लोकरीची शाल विकत, काही व्यापाऱ्याने दिलेली लोकर विणून देत. दोघींनाही मोबदला कापड आणि चहा यांतच घ्यावा लागे. लगेच माल नको असेल तर दुकानदार चिठ्ठी लिहून देई, आणि ती चिठ्ठी त्याच दुकानात चाले. पोटाला लागते पीठ आणि बटाटे. ते मिळवण्यासाठी बायका हा चहा शेतकऱ्यांकडे नेऊन त्याच्या बदल्यात धान्य आणत. अंगावर बरे कापड आणि घरात पीठ नाही, अशी विचित्र अवस्था त्यातून निर्माण झाली. १८३१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अनेक उद्योगांत मालाच्या रूपात वेतन देण्यावर बंदी आली होती, पण घरी बसून विणणारी बाई ही कोणाची कामगारच नाही, या सबबीखाली ती त्या कायद्याबाहेर राहिली. १८७२ मध्ये विल्यम गथ्री यांच्या सरकारी चौकशीपुढे मच्छीमारांबरोबर अनेक विणकरणींनीही साक्षी दिल्या. गरीब, घरकाम करणाऱ्या बायकांनी आपल्या कामाचा दर, दुकानदाराची उत्तरे, नाकारलेली रोकड हे सारे नोंदवून ठेवले आहे. युरोपातल्या घरगुती उद्योगाबद्दल इतका थेट दस्तऐवज क्वचितच सापडतो. १८८७ मध्ये कायदा बदलून घरी विणलेल्या मालालाही संरक्षण मिळाले. तरी दुकानातल्या उधारीची पकड त्यानंतरही कित्येक वर्षे सुटली नाही. कायद्यापेक्षा १८८३ मध्ये सुरू झालेली टपालाची पार्सल सेवा काहींच्या अधिक उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे मुख्य भूमीवरच्या गिऱ्हाइकाला थेट शाल पाठवता येऊ लागली.

विसाव्या शतकात लेसची मागणी उतरली. फेअर आयल या छोट्या बेटाच्या नावाने ओळखली जाणारी रंगीत नक्षीची स्वेटरे १९२० च्या दशकात, प्रिन्स ऑफ वेल्सने एक अंगावर घातल्यावर, एकदम लोकप्रिय झाली. ती लेसपेक्षा लवकर पुरी होत आणि लवकर विकली जात. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर आलेल्या हजारो सैनिकांमुळे विणकामाला थेट आणि रोखीने पैसे देणारे गिऱ्हाईक घराच्या दारात आले. त्यानंतर हाताने चालवायची विणयंत्रे घरोघरी शिरली. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडले, सलम व्हो येथे मोठे तेलकेंद्र उभे राहिले आणि पगारी नोकऱ्या निर्माण झाल्या. ठरलेल्या तासांचा ठरलेला पगार मिळू लागताच बायकांनी बाजारासाठी विणणे झपाट्याने सोडले. यात हळहळण्यासारखे काही नाही. शालीत घातलेल्या वेळाचे मोल त्यांना इतकी वर्षे कोणी दिलेच नव्हते.

बारीक लेस आज मोजक्या हातांत उरली आहे. ती आता पोटासाठी विणली जात नाही. घरातल्या नव्या बाळासाठी किंवा नवरीसाठी, दोन-तीन हिवाळे लागले तरी चालतील अशा हिशेबाने ती विणली जाते. अन्स्टमधल्या हॅरल्ड्सविक येथील वारसा केंद्रात आणि लेरविकच्या शेटलंड संग्रहालयात जुन्या शाली जवळून पाहता येतात. शेटलंडच्या मेंढीच्या लोकरीला २०११ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, बेटांवरच्या शाळांतले विणकामाचे तास खर्च वाचवण्यासाठी बंद करण्यात आले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी ‘पीरी मॅकर्स’ या नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात जाणत्या विणकरणी लहान मुलांना छोट्या गटांत सुया, पट्टा आणि सुलट टाक्यापासून शिकवतात.